मला कोणी पळवत नाही

स्टीफन किंगची 'मिझरी' (१९८७) वाचून लोकांच्या अंगावर काटा येतो. मला हेवा वाटला. कादंबरीकार पॉल शेल्डनची गाडी बर्फात उलटते काय, त्याची निस्सीम भक्त असलेली माजी नर्स ॲनी विल्क्स त्याला घरी आणते काय, आणि 'माझ्या लाडक्या नायिकेला मारलंसच कसं?' म्हणून कोंडून घालून, 'एन' तुटलेल्या टाइपरायटरवर तिला पुन्हा जिवंत करून घेते काय! कादंबरीत ती त्याचं पाऊल कुऱ्हाडीने तोडते. सिनेमात हातोड्यावर भागवलंय. आणि आम्ही? लेख छापून आला की "फोटो छान आलाय", पुस्तक आलं की "पीडीएफ आहे का?"

बरं, बाईचं वाचन पक्कं. पॉल नायिकेला घाईघाईत जिवंत करतो, तर ती ते पान त्याच्या तोंडावर नापास करते. मागच्या भागात जे घडलं ते सोयीनुसार विसरायचं, ही लबाडी झाली. पॉललाही ते मनातून पटतं. कुऱ्हाडीचं सोडा, पण असा संपादक मिळायला नशीब लागतं.

आपल्याकडे हे लोक वाचनालयात असतात आणि त्यांच्याकडे शिसपेन्सिल असते. एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर मी वाचलंय : 'खुनी डॉक्टर आहे. वेळ घालवू नये.' त्याखाली वेगळं अक्षर : 'डॉक्टर नाही, कंपाउंडर. नीट वाचा.' त्याखाली, चक्क शाईने : 'सार्वजनिक पुस्तकावर लिहू नये.' पुढे प्रत्येक पानावर शुद्धलेखन तपासलेलं. एके ठिकाणी नायक रात्री साडेनऊची गाडी पकडतो, तिथे समासात : 'ही गाडी रविवारी नसते.' मूळ कथा मला आज आठवत नाही, पण त्या गाडीवाल्याला मी विसरलेलो नाही. कुठल्याशा लेखकाच्या चुकीने त्या माणसाचा जीव खरोखर जळला होता. आता पुस्तक आवडलं नाही तर कोण भांडतो? अंगठ्याने वर सरकवतात, की संपलं.

त्याच वाचनालयात माझंही पुस्तक आहे. नव्यासारखं. पानं चाळली, एक रेघ नाही. शेवटी इकडेतिकडे बघून, मला स्वतःला फार आवडलेल्या परिच्छेदापुढे मीच अक्षर बदलून लिहिलं : 'अप्रतिम!'

परवा पुन्हा बघितलं. खाली बारीक, टोकदार पेन्सिलीने कोणीतरी विचारलंय : 'कुठे?'

ग्रंथपालबाईंना विचारलं, हे पुस्तक शेवटचं कोणी नेलं होतं? त्या नाव सांगेनात. म्हणाल्या, वाचकांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.