लढाई मागे, साहेब पुढे

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधला हा लष्करी साहेब तैलचित्रात लढाईकडे पाठ करूनच उभा राहतो. मागे काळे ढग, धूर, कोपऱ्यात मुंगीएवढी माणसं एकमेकांना भोसकताहेत. आणि हे महाशय एक हात कमरेवर ठेवून, जेवण वाढायला उशीर झाल्यासारखे, जरा नाराजीनेच कुठेतरी दूर बघताहेत. दुसरा हात बहुधा जाकिटाच्या बटणांत खुपसलेला. ही म्हणे खानदानी अदब. चित्रकाराची पाच बोटं काढायची मेहनत वाचते, ते वेगळंच. अंगावर कधी कधी लखलखीत चिलखतही असतं. ते रणांगणावर घालणं अधिकाऱ्यांनी केव्हाच सोडलं होतं, पण कॅनव्हासवर गोळी लागायची भीती जास्त असावी.

हुद्दा रोख मोजून मिळायचा, रुबाबही. चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सकडे 1782 साली पूर्णाकृती चित्राला 200 गिनी पडत.

आणि हरून आलेला साहेब जास्तच देखणा दिसतो! कॅप्टन ऑर्म घ्या. 1755 साली अमेरिकेत जनरल ब्रॅडॉकच्या फौजेची दाणादाण उडाली, ब्रॅडॉक गेला, त्याचा हा मदतनीस जखमी झाला. वर्षभरात रेनॉल्ड्सने त्याला रंगवला: लाल कोट, शेजारी घोडा, वादळी आभाळ. पराभवाचा मागमूस नाही. त्याच वर्षी ऑर्मने नोकरी सोडली आणि चित्रही नेलं नाही. ते वर्षानुवर्षं रेनॉल्ड्सच्याच स्टुडिओत राहिलं; गिऱ्हाइकांना दाखवायला आयता नमुना झाला.

असाच दुसरा हरलेला साहेब टार्लटन. तो तर लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याचा मुलगा, पण चौकटीत शिरला की कुणीही सरदारच. 1781 मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउनला इंग्रजांची शरणागती, 1782 मध्ये लंडनला रेनॉल्ड्सपुढे ऐटीत पाय वर टाकून हजर! उजव्या हाताची दोन बोटं लढाईत गेली होती. पुढे निवडणुकीत तोच हात उंचावून त्याने मतं मागितली म्हणतात. पुढारी व्हायचे गुण अंगचेच.

मला यातला आवडतो तो मार्क्विस ऑफ ग्रॅन्बी. ड्यूकचा मुलगा, अस्सल खानदानी. 1760 साली वारबुर्गच्या लढाईत घोडा फेकताना त्याची टोपी उडाली, पाठोपाठ केसांचा टोपही. गडी तसाच तुळतुळीत डोक्याने शत्रूवर तुटून पडला, आणि जिंकला! रेनॉल्ड्सने काढलं ते टक्कलच. आपल्या जखमी शिपायांना त्याने खानावळी-दारूगुत्ते काढून दिले, असं सांगतात. इंग्लंडात आजही कितीतरी पबांवर त्याचं नाव आहे. ऑर्मच्या नावाने कुणी प्यालाभर बिअर मागितल्याचं ऐकिवात नाही.