नवखणे

माणूस ओळखण्याचे आपल्याकडे पुष्कळ रस्ते आहेत. कोणी आडनावावरून गाव काढतं, कोणी गावावरून आडनाव. कोणी पत्रिका मागतं. पेठेत वाढलेली मंडळी तर समोरच्याने चहाला 'नको नको' किती वेळा म्हटलं, यावरून त्याचं घराणं सांगतात. नवखणे यातलं काही करत नाहीत. ते डोळे बारीक करून माणसाकडे बघतात, मान जराशी कलती करतात आणि म्हणतात, "लॉफुल न्यूट्रल. शंभर टक्के."

नवखणे हे कोणाचं खरं आडनाव नव्हे. जगाला नऊ खणांत बसवल्याशिवाय ज्यांना झोप लागत नाही, अशा सगळ्या जमातीला आम्ही ठेवलेलं ते नाव आहे. वय तिशी-पस्तिशी, नोकरी हिंजवडीला, बिऱ्हाड कोथरूड ते बाणेर या पट्ट्यात कुठेतरी. अंगात ड्रॅगनचं चित्र असलेला काळा टी-शर्ट आणि खिशात वीस बाजूंचा फासा. शनिवारी रात्री त्यांच्या हॉलमध्ये चार-पाच जण जमतात, टीपॉयवर नकाशा पसरतात आणि पहाटेपर्यंत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. कोणी जादूगार होतं, कोणी बुटका योद्धा, आणि एक जण डंजन मास्टर, म्हणजे 'डीएम', होऊन गोष्ट पुढे नेतो. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. इतके जण एकत्र बसतात, एकमेकांशी बोलतात आणि कोणी मोबाइल बघत नाही, ही आजच्या दिवसांत पुण्याची गोष्ट आहे.

घोटाळा आहे तो पात्राच्या कागदावरच्या एका रकान्यात. नाव, वंश, पेशा यांच्या शेजारी तिथे लिहिलेलं असतं: अलाइनमेंट. फुलीगोळ्याची चौकट डोळ्यांसमोर आणा. आडव्या बाजूला लॉफुल, न्यूट्रल, केऑटिक. म्हणजे नियमाने चालणारा, मधला आणि नियम न जुमानणारा. उभ्या बाजूला गुड, न्यूट्रल, इव्हिल; म्हणजे भला, मधला आणि दुष्ट. तीन त्रिक नऊ. खेळातल्या बुटक्याला असा एक खण लागतो, हे ठीकच आहे. नवखण्यांनी तो सोसायटीला लावला.

पार्किंगमध्ये पाहुण्यांच्या गाडीला साखळी घालणारे सेक्रेटरी: लॉफुल इव्हिल. सगळं नियमात बसवून छळतात. मीटर चालू असताना "तिकडे नाय जाणार" म्हणणारा रिक्षावाला: केऑटिक न्यूट्रल. वीजबिल आलं त्याच दिवशी भरून त्याची पावती फायलीला लावणारे स्वतःचे वडील: लॉफुल न्यूट्रल. प्रत्येक लग्नात "मुलगी चांगली आहे, पण..." एवढंच बोलून उठणारी आत्या: न्यूट्रल इव्हिल. आईला मात्र त्यांनी लॉफुल गुड दिलं. त्यावर आई म्हणाली, "ते राहू दे, आधी गॅसचा नंबर लाव."

या खणांचा इतिहास नवखण्यांना तोंडपाठ आहे आणि कोणी विचारण्याची ते वाट बघत नाहीत. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ छापला, तेव्हा खण तीनच होते: लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस. चांगलं-वाईट हा वेगळा प्रश्नच नव्हता. लॉ आणि केऑसची ही कल्पना पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक या कादंबरीकारांकडून आलेली. पण नियमाने चालणारा माणूस नेहमी भला असतोच असं नाही, हे लवकरच ध्यानात आलं. मग १९७६ मध्ये गायगॅक्सने लेख लिहून भल्या-बुऱ्याचा दुसरा अक्ष जोडला आणि १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात पुरे नऊ खण आले. हा गायगॅक्स आधी शिकागोत विम्याच्या धंद्यात अंडररायटर होता. म्हणजे समोरच्या माणसाची जोखीम किती, हे ठरवून त्याला योग्य त्या वर्गात टाकण्याचं काम त्याने पगार घेऊन केलं होतं. नवखणे तेच काम फुकट करतात.

२००८ हे वर्ष जगाला मंदीमुळे आठवतं. नवखण्यांना ते आठवतं चौथ्या आवृत्तीमुळे, कारण त्या वर्षी कंपनीने नऊ खणांचे पाच केले. त्या दिवसांबद्दल ते वाड्याच्या वाटण्या झाल्यासारखं बोलतात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नऊ खण परत आले, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

जुन्या नियमांतला एक नियम त्यांच्या फार आवडीचा. तेव्हा प्रत्येक अलाइनमेंटची आपली अशी गुप्त भाषा असायची. पात्राने अलाइनमेंट बदललं, की त्याला जुन्या गोटाची भाषा बोलता येईनाशी व्हायची आणि नव्याची शिकावी लागायची. परदेशी खेळाडूंना हे अतर्क्य वाटलं म्हणे. महाराष्ट्रातल्या मतदाराला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

शेजारीपाजारी संपले की नवखणे तत्त्वज्ञांकडे वळतात. कान्टने १७९७ च्या एका निबंधात असं मत मांडलं, की खुनी दारात येऊन तुमचा मित्र कुठे लपलाय असं विचारू लागला, तरी त्याच्याशी खोटं बोलू नये. नवखणे लगेच शिक्का मारतात: लॉफुल गुड. त्यांच्या टोळक्यात एक जण फर्ग्युसनला तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेला आहे. तो म्हणतो, यात लॉफुल दिसतंय, पण मित्र मेल्यावर गुड कुठलं? लॉफुल न्यूट्रल म्हण. हा वाद अर्धी रात्र चालतो आणि मागवलेली बिर्याणी गार होते. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख पाहणारा जेरेमी बेंथम हा न्यूट्रल गुड, यावर मात्र दोघांचं एकमत आहे. १८३२ मध्ये वारलेल्या बेंथमचा सांगाडा त्याच्याच इच्छेनुसार कपडे घालून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात काचेच्या पेटीत बसवलेला आहे. नवखण्यांनी खणात बसवलेल्या एवढ्या तत्त्वज्ञांत खरोखर खणात जाऊन बसलेला तो एकटाच.

घरच्या आघाडीवर त्यांचा आधार म्हणजे भर्तृहरी. शाळेत सुभाषितं पाठ केल्याचा फायदा चाळिशीच्या आत झालेला असा दुसरा मनुष्य आमच्या पाहण्यात नाही. नीतिशतकात भर्तृहरीने माणसांचे वर्ग पाडले आहेत. स्वतःचं सोडून दुसऱ्याचं भलं करणारे ते सत्पुरुष. स्वतःचं न बिघडवता दुसऱ्यालाही मदत करणारे ते सामान्य. स्वतःच्या लाभासाठी दुसऱ्याचं वाटोळं करणारे ते माणसातले राक्षस. आणि जे स्वतःला काहीएक मिळत नसताना दुसऱ्याचं वाटोळं करतात, त्यांना काय म्हणावं हे आपल्याला कळत नाही, असं सांगून भर्तृहरी थांबतो. "बघा," नवखणे मांडीवर थाप मारून म्हणतात, "केऑटिक इव्हिल! एवढा मोठा कवी, एक खण कमी पडला बिचाऱ्याला." भर्तृहरीला खण कमी पडला नसेल, नाव ठेवायची घाई नसेल, ही शंका त्यांना शिवत नाही.

आता मुख्य प्रश्न. नवखणे स्वतः कोणत्या खणात?

हा प्रश्न त्यांना विचारावा लागत नाही. त्यांच्या चहाच्या मगवरच ते छापलेलं आहे: केऑटिक गुड. मनाने सोन्यासारखा, पण नियमांच्या बेड्या न मानणारा. रॉबिन हूडच्या जातकुळीतला. गंमत अशी, की आम्ही आजवर पाहिलेले झाडून सगळे नवखणे केऑटिक गुडच निघाले. चौकटीत आठ खण इतरांसाठी आणि एक स्वतःसाठी, अशी ही एकंदर व्यवस्था दिसते.

या बंडखोराच्या घरी शनिवारी गेलं, की आधी चपला रॅकवर डावी-उजवी बघून ठेवाव्या लागतात. पात्रांचे कागद प्लास्टिकच्या पिशव्यांत, प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवून. खाण्याच्या वर्गणीचं एक्सेल शीट आहे. एकदा एकाने जास्तीचं पॅटिस खाल्लं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला यूपीआयवर अठरा रुपयांची मागणी आली, खाली 'पॅटिस (जादा)' अशी नोंद. यात केऑस शोधूनही सापडत नाही. तो कर्वे रोडला सापडतो. रात्री पोलीस नसला की नवखणे लाल सिग्नल तोडतात आणि हेल्मेटच्या आतून सांगतात, "नियम माणसासाठी असतात, माणूस नियमासाठी नाही." त्या वेळी त्या चौकात ज्याचं भलं झालं, असा माणूस एकच असतो आणि तो गाडीवर बसलेला असतो.

घरकामाच्या मावशींनी दिवाळीनंतर पगार वाढवून मागितला, तेव्हा हेच नवखणे म्हणाले, "सोसायटीत रेट ठरलेला आहे, मावशी. मी एकट्याने नियम मोडला तर बरं दिसत नाही." नियम फायद्याचा असला की लॉफुल, अडचणीचा असला की केऑटिक. राहता राहिलं गुड. ते मगवर आहेच.

त्यांना तोड भेटली ती घरातच. सौ. नवखणेही खेळतात. त्यांचं पात्र म्हणजे कुऱ्हाड घेतलेली हाफ-ऑर्क, आणि नियमांची पुस्तकं त्यांनी नवऱ्यापेक्षा नीट वाचलेली. एका पावसाळ्यात डीएमची पाळी त्यांच्याकडे आली. १९७९ च्या डीएमच्या पुस्तकात अशी सूचना होती, की खेळाडूने रकान्यात काय लिहिलंय यावर विसंबू नये. डीएमने प्रत्येकाच्या कृत्यांची नोंद ठेवावी, तक्त्यावर तो कुठे सरकतोय ते बघावं आणि फार सरकला तर अलाइनमेंट बदलून दंड करावा. बाईंनी वही घातली, पेन्सिल घेतली आणि कोणाला काही न सांगता नोंदी सुरू केल्या.

गणपती झाल्यावर वही उघडली. नवखण्यांचा एल्फ, केऑटिक गुड, याची नोंद अशी होती: खड्ड्यात पडलेल्या सोबत्याला दोर टाकण्याआधी त्याच्या थैलीतलं सोनं वर मागून घेतलं. लोहाराच्या विधवेकडून तलवारीला धार लावून घेतली आणि ठरलेल्या नाण्यांतलं एक कापलं. अनाथाश्रमाची पेटी 'सुरक्षित राहावी म्हणून' स्वतःकडे ठेवली. कर्वे रोडचा सिग्नल. मावशींचा पगार.

"शेवटच्या दोन नोंदी खेळातल्या नाहीत," नवखणे म्हणाले.

"एल्फ कोण खेळतो?" बाईंनी विचारलं.

पेन्सिलीची खूण उजवीकडच्या वरच्या खणातून निघून मधल्या ओळीतून खाली आली होती आणि न्यूट्रल इव्हिलमध्ये, म्हणजे आत्याच्या शेजारी, थांबली होती. दंड: एक लेव्हल कमी. नवखणे उठले, कपाटातून पाचव्या आवृत्तीचं पुस्तक काढून आणलं आणि चालू नियमांत असा दंड नाही, हे पान दाखवून सिद्ध करू लागले. "नियमाला धरून चालू या," असं ते म्हणाले, तेव्हा फर्ग्युसनवाल्याला ठसका लागला. बाईंनी शांतपणे महाभारत काढलं. युधिष्ठिराचा रथ जमिनीच्या चार बोटं वरून चालायचा. अश्वत्थाम्याबद्दल तो द्रोणाचार्यांशी अर्धवट खरं बोलला आणि रथ जमिनीला टेकला. व्यासांनी कुठली आवृत्ती चालू आहे हे विचारलं नव्हतं.

नवखण्यांनी दंड स्वीकारला, पण नवा खण स्वीकारला नाही. हल्ली ते स्वतःला ट्रू न्यूट्रल म्हणवतात आणि समतोलावर बोलतात. नवा मग मागवला आहे. मावशींचा पगार बाईंनी परस्पर वाढवला.

नवखण्यांना आम्ही दुष्ट मानत नाही. ते चारचौघांसारखे आहेत, आणि त्यांची अडचणही चारचौघांचीच: नियमाचं पहिलं कलम वाचून ते पुस्तक मिटतात. गायगॅक्सने अलाइनमेंट लिहायला पेन खेळाडूच्या हातात दिलं, पण खोडायचा हक्क डीएमकडे ठेवला. त्या सगळ्या खेळात एवढं शहाणपणाचं दुसरं कलम नसेल, आणि पुढच्या आवृत्त्यांत ढिलं पडत गेलं तेही नेमकं हेच. तेव्हा वाचकहो, तुम्हाला कोणी नवखणे भेटले आणि त्यांनी तुमचा खण विचारला, तर आपल्या तोंडाने सांगू नका. ज्याचा पगार तुमच्या हातात आहे, त्याच्याकडे बोट दाखवा आणि म्हणा, त्यांना विचारा.