सावली भिंतीची की झाडाची?

भिलाईत वैशाली नगरमधल्या आमच्या घरामागे एक जुना आंबा आहे. गेल्या चार वर्षांत त्याच्याखाली लावलेली फर्न, कॅलेथिया, बिगोनिया, सगळी एकेक करून वाळली. प्रत्येक रोप घेताना नर्सरीत एकच वाक्य ऐकलं होतं, "छाँव में चल जाएगा." माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे.

छाँव कसली, हे कुणी विचारत नाही. भिंतीचीही सावली पडते, पण भिंत पाणी पीत नाही. आंब्याची पाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फूट मातीतच दाट पसरलेली असतात. आपण घातलेल्या तांब्याभर पाण्यावर पहिला हक्क त्यांचा. शिवाय हलकी सर आली तर ती पानांवरच वाळते, खाली थेंब पोचत नाही. भिलाईचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये आटोपतो, मेमध्ये पारा 44-45 अंशांवर जातो, आणि आमच्याकडची मुरमाड जमीन ओल धरत नाही. अशा ठिकाणी दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी जंगलातलं कॅलेथिया विकणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे आणि रोपाचा जीव, दोन्ही फुकट घालवणं.

त्यावर सल्ला मिळतो तो आणखी वाईट: बुंध्याभोवती विटांचा ओटा बांधा, त्यात फूटभर माती भरा. साल मातीत गाडली की ती कुजते, आणि ओट्यासाठी खणताना आंब्याचीच मुळं तुटतात. दुसरीकडे शेजारच्या काकू रोज सकाळी पालापाचोळा झाडून पेटवतात. झाडाखालची ओल टिकवणारी एकच फुकटची वस्तू आहे, आणि तिचा आम्ही धूर करतो! मला याचा खरोखर त्रास होतो.

उत्तर फार लांब नाही. बस्तरच्या सालवनात तिखूर वाढतो. तिथले लोक त्याचे कंद खणून त्याचं सत्त्व काढतात. आपल्याकडच्या रानातला भुईचाफा, काळी मुसळी हीही त्याच स्वभावाची. पावसाबरोबर पानं काढायची, पाऊस सरला की हळूहळू पानं टाकून कंदात निजायचं. झाडाखालचा कोरडा काळ हा त्यांचा झोपेचा काळ असतो. भुईचाफा तर उन्हाळ्यात, पान नसताना, थेट मातीतून फूल वर काढतो. नर्सरीत तिखूर मागितला तर उत्तर मिळालं, "वो तो उपवास में खाते हैं." खातात, हे खरंच आहे; पण तो उगवतो कुठे, हे रोपं विकणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

बारा महिने हिरवं हवं असेल तर स्नेक प्लांट लावावं. मुळांच्या मधल्या मोकळ्या जागेत, हाताच्या ओंजळीएवढ्या खड्ड्यात, लहान रोप. कोरांटी कडेला, जिथे सकाळचं ऊन पोचतं तिथे. आमच्याकडे एवढंच टिकलं आहे.

नर्सरीवाल्या भावांना विनंती आहे. रोप हातात देण्याआधी एकदा विचारा, सावली भिंतीची की झाडाची? झाडाची म्हटलं आणि महिना मे असला, तर रोप विकू नका. पहिला चांगला पाऊस पडल्यावर या, असं सांगा.