पुळणीवर गाडी घालणाऱ्या कर्त्या पुरुषांस

प्रति,
समस्त कर्ते पुरुष,
मु. पो. वरवंड आणि पंचक्रोशी, ता. दौंड, जि. पुणे

विषय : कुटुंबाला समुद्रकिनारी चालण्यापासून वाचवल्याबद्दल जाहीर आभार.

स. न. वि. वि.

यंदाही आपण आई-वडील, बायको-पोरं गाडीत कोंबून, ताम्हिणी घाट उतरून अडीचशेच्या आसपास किलोमीटर अंतर तोडलंत आणि दापोलीजवळच्या मुरुडला पोचलात. तिथं रस्ता संपून वाळू लागते. शेवटची शंभर पावलं तेवढी पायी जायची होती. पण घरच्यांना एवढे कष्ट आपण पडू देणार थोडेच! गाडी सरळ पुळणीवर घातलीत. ‘वाहने आणू नयेत’ असा फलक होता, पण फलक परगावच्यांसाठी असतात, आणि आपण तर गाडीवाले.

पुढचं सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलंच आहे. चाक फिरलं, वाळू उडाली, आपण आणखी जोरात अॅक्सिलरेटर दाबलात, गाडी पोटावर बसली. मग भरती आली. ती आपल्याला विचारून येत नाही, हा तिचा उद्धटपणाच म्हणायचा.

नवल एकाच गोष्टीचं वाटतं. हेच आपण पाऊस उघडल्यावर रानात ट्रॅक्टर घालायच्या आधी ढेकूळ हातात घेऊन दाबून बघता. वाफसा नसेल तर पोरगं कितीही मागं लागलं तरी चावी देत नाही. ओहोटीची ओली वाळू वरून टणक दिसते, आत पाणी भरलेलं असतं, आणि चाक एकाच जागी फिरलं की ते स्वतःच स्वतःचा खड्डा खणतं. उसाच्या रानात जे कळतं ते ताम्हिणी उतरल्यावर कुठं सांडतं, हे कुणीतरी तपासायला हवं.

आता चालण्याविषयी. आपल्या गावात दरवर्षी आषाढी वारीत तुकोबांची पालखी मुक्कामाला असते. यवतहून चालत आलेल्या माणसांना आपण पिठलं-भाकरी वाढता, पाय चेपता, हात जोडता. दुसऱ्या दिवशी तीच माणसं पाटसवरून रोटी घाट चढून उंडवडीला जातात. त्यांत सत्तरीच्या म्हाताऱ्या असतात, डोक्यावर तुळस असते. इतकं चालणं दारातून जाताना बघूनही आपल्या पायांना त्याचा संसर्ग झाला नाही. प्रतिकारशक्ती असावी तर अशी.

बरं, ज्या मुरुडला आपण गाडी रुतवलीत, तिथंच महर्षी धोंडो केशव कर्वे लहानाचे मोठे झाले. परीक्षेसाठी ते शाळकरी वयात भर पावसात, घाट चढून, पायी साताऱ्याला गेले होते. तिथल्या साहेबांनी ‘वयानं लहान दिसतोस’ म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. आले तसे परत. आपल्याला मात्र हॉटेलपासून पाण्यापर्यंत जायला चार चाकं लागतात, आणि ती चारही वाळूत जातात.

आपल्याला चालता येत नाही असं माझं म्हणणं नाही. कुठं चालायचं हे कुणी सांगितलंच नसेल. म्हणून सांगतो.

मुरुडची पुळण लांब, सपाट आणि चढ-उताराची भानगड नसलेली आहे. गुडघेदुखीवाली आईसुद्धा ओल्या कडेच्या, माणसाला पेलणाऱ्या घट्ट वाळूवरून आरामात चालते. पाय रुततात ते वरच्या कोरड्या वाळूत. तिथून हर्णै जवळच. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो. होड्यांतली मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या पाण्यात उतरतात. हो, वाळूवर गाड्या तिथंही असतात. पण हाकणाऱ्याला भरती-ओहोटी पाठ असते आणि बैलांना त्याच्याहून जास्त. आपली अडकलेली गाडी पाहून त्या बैलांना काय वाटलं असेल, ते मी लिहीत नाही. पोरांना लिलाव दाखवा. सुरमई, पापलेट, बांगडा ओळखायला लावा. वास येतो म्हणून नाक धरणाऱ्याला गुऱ्हाळाच्या धुरात वाढल्याची आठवण करून द्या.

बंदराजवळच कनकदुर्ग. किल्ला म्हणायला आता फारसं काही उरलेलं नाही, पण टेकाडावर दीपगृह उभं आहे. चढ थोडका, नातवंडं आणि आजोबा बरोबरीनं चढतील. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत आपल्या जिल्ह्यातल्या शिवनेरी, लोहगड, राजगडाबरोबर हाही आहे. अंधार पडेपर्यंत थांबा आणि दिवा लागला की पोरांना दोन झोतांमधले सेकंद मोजायला लावा. किनाऱ्यावरच्या दर दीपगृहाचा ठेका ठरलेला असतो. खलाशी झोत मोजून आपण कुठल्या गावासमोर आहोत ते ओळखतात. आपल्या गाडीचे प्रखर दिवेही लांबून दिसतात, पण त्यांवरून कुणाला काही कळल्याचं ऐकिवात नाही. उलट या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडली की उजळ क्षितिजाच्या दिशेनं, म्हणजे समुद्राकडे निघतात, आणि असले दिवे दिसले की वाट चुकतात. चाकाखाली घरटं आलं तर वाट चुकायचीही सोय राहत नाही.

भरतीची वेळ कळत नाही ही तक्रार असेल तर कोकणातला जुना हिशेब घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा, तिला पाऊणनं गुणा. येईल तो आकडा साधारण पूर्ण भरतीचा. अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता. त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी सर्वांत मागं आणि पुळण सर्वांत रुंद. मात्र त्याच दिवसांत उधाणही मोठं असतं, म्हणून पाणी वळायला लागलं की आपणही वळायचं. उसाचं बिल, टनेज आणि उतारा तोंडी काढणाऱ्या माणसाला हा गुणाकार जड जाऊ नये.

दिवाळीच्या सुट्टीत सराव म्हणून आपल्या व्हिक्टोरिया तलावाकडे सगळ्या घरानं पायी एक फेरी मारा. ती जमली तर कनकदुर्ग जमेल. मग पुढच्या पौर्णिमेला मुरुड गाठा, गाडी रस्ता संपतो तिथं लावा, किल्ली आईला कनवटीला खोचायला द्या आणि संध्याकाळच्या ओहोटीला घरच्यांसोबत चालू लागा.

कळावे,
आपला,
वरवंडचा एक पायी नागरिक

ता. क. : रुतलेली गाडी ओढायला कुणी बैल घेऊन आला, तर त्याच्याशी भाव करू नका. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इंजिनाचा खर्च त्याहून कितीतरी जास्त येतो.