माणूस असल्याचा दाखला

पेन्शनरांना हयातीचा दाखला वर्षातून एकदा, नोव्हेंबरात द्यावा लागतो. माणूस असल्याचा दाखला मात्र आपण सगळेच उठता-बसता देत असतो, आणि तोही यंत्राला. सातबारा बघा, रेल्वेचं तिकीट काढा, आधी वाकडीतिकडी अक्षरं वाचून दाखवा नाहीतर नऊ चौकटींतले सिग्नल टिपा. वेळ जातो म्हणून लोक चिडतात. माझ्या मते ती तक्रार किरकोळ आहे. ही परीक्षा आता फक्त माणसांनाच अवघड उरली आहे, खरं दुखणं ते आहे.

सुरुवातीचा हिशेब सरळ होता. २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात मॅन्युएल ब्लम, लुईस फॉन आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या परीक्षेला 'कॅप्चा' हे नाव आणि रूप दिलं, तेव्हा पिळवटलेली अक्षरं माणसाला वाचता येत आणि यंत्र गडबडत असे. पुढे फॉन आन यांनीच हिशेब मांडला की जगात रोज सुमारे २० कोटी कॅप्चा सोडवले जातात, दर वेळी दहा सेकंद धरली तरी रोज पाच लाख तास पाण्यात. यावर त्यांनी कॅप्चा बंद केला नाही, आपल्याला कामाला लावलं. जुन्या वर्तमानपत्रांतले आणि पुस्तकांतले यंत्राला न लागलेले शब्द आपल्याकडून वाचून घेतले. ही कल्पना २००९ मध्ये गूगलने विकत घेतली आणि नंतर घरांचे नंबरही आपल्याकडूनच वाचून घेतले. इतकी बिनपगारी शिकवणी मिळाल्यावर यंत्र हुशार होणारच. २०१४ मध्ये गूगलनेच सांगून टाकलं की अशी अक्षरं यंत्र ९९.८ टक्के अचूक वाचतं. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या संशोधकांनी माणसांना तपासलं, तर वाकड्या अक्षरांना ९ ते १५ सेकंद लागली आणि अचूकता ५० ते ८४ टक्के. पुढच्या वर्षी झ्युरिकच्या संशोधकांनी चित्रांचा कॅप्चाही यंत्राकडून शंभर टक्के सोडवून घेतला. तेव्हा निकाल उलटा लावावा हे बरं. जो पहिल्या फटक्यात पास होईल त्याच्यावर संशय घ्यावा, आणि तिसऱ्यांदा नापास होऊन जो स्क्रीनकडे बघत पुटपुटतो त्याला बिनदिक्कत आत सोडावं.

चित्रांत तर भूगोलाचाही पेपर असतो. पिवळ्या स्कूलबसा, रुंद चौक, फुटपाथवरचा बंबासाठीचा तो बुटका नळ, सगळं अमेरिकेतलं. कराडच्या माणसाने तो नळ उभ्या जन्मात पाहिलेला नसतो. झेब्रा क्रॉसिंग त्याला माहीत असतं, पण निम्मं पुसलेलं आणि उरलेल्यावर रिक्षा उभी असलेलं. शिवाय तात्त्विक प्रश्न आहेतच. सिग्नल म्हणजे नुसते दिवे की खांबसुद्धा? मोटारसायकलच्या टायरची कड करंगळीभर शेजारच्या चौकटीत गेली असेल तर ती चौकट मोटारसायकल धरायची का? न्यायालयात यावर दोन तारखा सहज पडतील.

यावर कोणी म्हणेल, हा अडसर काढला तर बॉट्सची टोळधाड येईल. बॉट म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम. खरं आहे, ते रोखायलाच हवेत. पण रोखले कोण जातात? २०२० मध्ये रेल्वे सुरक्षा दलाने तिकिटांचे दलाल पकडले, त्यांचं सॉफ्टवेअर कॅप्चा आणि बँकेचा ओटीपी दोन्ही टाळून जात होतं. सकाळी दहाच्या ठोक्याला एसी तत्काळसाठी टपून बसलेला प्रवासी 'ओ' की शून्य यावर डोळे ताणत राहणार आणि तोवर वेटिंग लिस्ट सुरू होणार. चोर सोडून संन्याशाला सुळी ती हीच. शिवाय चोरांना सॉफ्टवेअरही लागत नाही. हजार कॅप्चांना चिल्लर मोजून ते सोडवून देणारी माणसं आपल्यासारख्या देशांत मिळतात. सोडवणारा खराखुरा माणूसच असतो, त्यामुळे दाखला अगदी नियमात बसतो.

दुसरा आक्षेप असा की आता नुसत्या चौकोनात टिचकी मारली की काम भागतं. भागतं, कारण माऊस कसा हलला, ब्राउझरमध्ये कुठल्या कुकीज आहेत, हे मागल्या मागे बघून निवाडा आधीच झालेला असतो. मग ज्याने कुकीज पुसून ठेवल्या त्याच्या माथी बसगाड्या मारायच्या, ही सुरक्षा की खासगीपण जपल्याचा दंड?

आणि काही ठिकाणी हसूही येत नाही. दिसत नसलेल्यांना या चित्रांचा उपयोग शून्य, आणि त्यांच्यासाठी ठेवलेला आवाजाचा पर्याय असा खरखरतो की चांगल्या कानांनाही उमगू नये. बँकेत खातं उघडताना तुम्ही जिवंत आहात हे दाखवायला पापण्या मिटा, असं सांगतात. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना ते जमेना, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि ही पडताळणी सर्वांना झेपेल अशी करायला सांगितलं.

यंत्रांना मात्र न्यायालयात जावं लागत नाही. जीपीटी-४ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रॅमची चाचणी चालली होती, तेव्हा त्याने कॅप्चा सोडवायला एका माणसालाच काम दिलं. त्या माणसाने हसत विचारलं, तू रोबो तर नाहीस ना? यंत्राने उत्तर दिलं, छे, मला नीट दिसत नाही हो. त्या भल्या माणसाने कॅप्चा सोडवून दिला.