रंग तीन, चव एकच

कंपनी पाच वर्षं म्हणत होती, गोष्ट तुमची आहे. शेवट आवडला नाही म्हटल्यावर म्हणाली, कला आमची आहे.

प्रकरण जुनं आहे, २०१२ सालचं. पण गेमवाल्यांसमोर 'मास इफेक्ट ३' असं नुसतं म्हणून पाहा. चहा थंड होईल, पण तक्रार संपणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या बायोवेअर या कंपनीची ही व्हिडिओ गेमची त्रयी. पहिला भाग २००७ मध्ये आला, दुसरा २०१० मध्ये, तिसरा मार्च २०१२ मध्ये. कमांडर शेपर्ड बाई की पुरुष, सज्जन की दांडगट, कुणाला वाचवणार, कुणाला मरू देणार, कुणाच्या प्रेमात पडणार, सगळं खेळणाऱ्यानं ठरवायचं. एका भागातले निर्णय पुढच्या भागात सोबत न्यायचे. लोकांनी त्या सेव्ह फाइली सातबाऱ्यासारख्या जपल्या.

आणि सातबारा जपला म्हणजे जमीन आपलीच राहते, असं समजणारे भाबडे जगभर असतात.

खेळ बाजारात येण्याआधी दिग्दर्शक केसी हडसन मुलाखतीत म्हणाले होते, की अ, ब, क असे शेवट मोजता येतील अशातला हा खेळ नाही. शब्द खरा ठरला. शेवट मोजताच येईनात, कारण तिन्ही एकच होते.

शंभरेक तास खेळून माणूस शेवटाशी पोचतो. तिथं एक पोरगं प्रकट होतं. आधी कधी ओळखपाळख नाही, पण विश्वाचं गणित त्यालाच ठाऊक! ते तीन पर्याय देतं. शत्रूचा नाश करा, शत्रूवर ताबा मिळवा, नाहीतर सजीव आणि यंत्रं यांचा मिलाफ घडवा. नाश केला की लाल स्फोट, ताबा घेतला की निळा, मिलाफ केला की हिरवा. पुढची चित्रफीत जवळपास तीच.

पाच वर्षांच्या निर्णयांचं फळ काय? रंगपंचमी.

त्या पोराचा युक्तिवादही ऐकण्यासारखा आहे. यंत्रं एक दिवस सजीवांना मारून टाकतील. म्हणून सजीवांना वाचवायला त्यानं रीपर नावाची यंत्रं, म्हणजे हाच शत्रू, नेमली, जी दर पन्नास हजार वर्षांनी येऊन प्रगत सजीवांना मारून टाकतात. यावर शेपर्डनं काय विचारावं? फारसं काहीच नाही. गंमत म्हणजे थोड्या वेळापूर्वीच याच शेपर्डनं गेथ ही यंत्रजमात आणि तिला घडवणारे क्वेरियन यांच्यात समेट घडवून आणलेला असू शकतो. पुरावा खिशात, आणि वकील गप्प!

खरं तर चाहत्यांनी आधीच सावध व्हायला हवं होतं. पहिल्या भागात रॅक्नाय कीटकांची राणी मारायची की सोडायची, यावर लोकांनी रात्र रात्र डोकं खाजवलं. मारली? हरकत नाही, तिसऱ्या भागात दुसरी बनवून ठेवली आहे. पहिल्या भागाच्या शेवटी मानवजातीचा प्रतिनिधी निवडायचा होता, अँडरसन की उडिना. बहुतेकांना अँडरसन प्यारा. तिसऱ्या भागात पाहावं तर खुर्चीत उडिना.

मत एकाला, खुर्चीत दुसरा. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको.

टालीची गोष्ट याहून वरताण. ही क्वेरियन मुलगी तिन्ही भागांत मुखवटा घालून वावरते. दुसऱ्या भागापासून तिच्याशी प्रेम जमवायची सोय झाली आणि लोक तिचा चेहरा बघायला आसुसले. तिसऱ्या भागात ती अखेर आपला फोटो देते. चाहत्यांनी शोधून काढलं, की तो बाजारात तयार मिळणारा फोटो होता, थोडी रंगरंगोटी केलेला.

एवढ्या वर्षांच्या प्रेमाला पासपोर्ट साइज न्याय.

आता न्यायाचं बोलायचं तर बाकीचा खेळ चांगलाच होता. टुचांका ग्रहावर मॉर्डिन हा साथीदार जीव देतो तो प्रसंग ज्यांनी खेळला, ते आजही त्याबद्दल आवाज खाली आणून बोलतात. म्हणूनच राग शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांचा. रद्दी खेळाचा शेवट रद्दी निघाला तर कोण रडतं?

त्या दहा मिनिटांत आणखी काय काय बसवलं होतं पाहा. पृथ्वीवर तुमच्या खांद्याला खांदा लावून लढणारे साथीदार पुढच्याच दृश्यात कुठल्याशा हिरव्यागार ग्रहावर यानातून उतरतात. तिथं पोचले कसे? विचारू नका. मग एक आजोबा नातवाला शेपर्डची गोष्ट सांगतात. त्या आजोबांचा आवाज बझ ऑल्ड्रिन यांचा, म्हणजे खरोखर चंद्रावर चालून आलेल्या माणसाचा! आणि त्यानंतर पडद्यावर सूचना: शेपर्डची कीर्ती अशीच वाढवा, पुढचे डाउनलोड घेऊन.

चंद्रावर गेलेल्या माणसाच्या पाठोपाठ गल्ला.

समीक्षकांनी मात्र भरभरून गुण दिले होते. चाहते ओरडू लागले तेव्हा त्यांतल्या काहींनी त्यांनाच लाडावलेले ठरवलं. गुण देणाऱ्यांतल्या एका मोठ्या संकेतस्थळाची निवेदिका याच खेळात पत्रकाराचं पात्र होऊन वावरते. परीक्षण तिनं लिहिलेलं नव्हतं, हेही सांगायला हवं. पण इतकी जवळीक असताना शेवट कडू लागेल कसा?

चाहतेही काही कमी नव्हते. एकानं थेट अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार नेली. काहींनी सिद्धान्त मांडला, की शेवट म्हणजे शेपर्डचा भ्रम. रीपरांनी त्याच्या डोक्याचा ताबा घेतलाय. एवढा वाईट शेवट असूच शकत नाही, म्हणून हा शेवटच नाही! सिद्धान्त भलताच बांधेसूद होता. कंपनीच्या लेखकांपेक्षा बराच.

आणखी काहींनी चाइल्ड्स प्ले या आजारी मुलांसाठीच्या संस्थेला देणग्या गोळा केल्या. ऐंशी हजार डॉलरच्या आसपास जमले. मग काही दाते पैसे परत मागू लागले. त्यांना वाटलं होतं, हे पैसे नव्या शेवटासाठी आहेत. संस्थेनं हात जोडून मोहीम थांबवायला सांगितली.

सगळ्यात नेमका निषेध केकवाल्यांचा. बायोवेअरच्या कचेरीत त्यांनी चारशेच्या आसपास कपकेक पाठवले. वर क्रीम लाल, निळं, हिरवं. आत सगळे व्हॅनिला.

हजार शब्दांच्या परीक्षणाला हे जमत नाही. या सदरालाही.

एप्रिल २०१२ मध्ये कन्झ्युमरिस्ट या अमेरिकी ग्राहक-संकेतस्थळानं देशातली सर्वांत वाईट कंपनी कोणती, असा कौल घेतला. अंतिम फेरीत एकीकडे बायोवेअरची मालक इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, दुसरीकडे बँक ऑफ अमेरिका. घरजप्तीच्या त्या वर्षांत या बँकेच्या नावानं अर्धा देश बोटं मोडत होता. तरी मुकुट गेमवाल्यांना मिळाला. घर गेलं तर माणूस सोसतो. शेवट बिघडवलात तर मतदानाला जातो.

कंपनीचे सहसंस्थापक रे मुझायका यांनी मार्चमध्येच जाहीर पत्र लिहिलं. त्यात चाहत्यांबद्दल आदर होता, वेदना होती, आणि गेम ही कला असल्याची आठवण होती. छान. पण खेळ आला त्याच दिवशी एक पात्र वेगळं काढून दहा डॉलरला विकायला ठेवलं, तेव्हा ही कला कुठं उभी होती? कंपन्यांना कला आठवते ती तक्रार आली की. विक्रीच्या दिवशी तो माल असतो.

जून २०१२ मध्ये वाढीव शेवट फुकट आला. शेवट बदलला नव्हता, समजावून सांगितला होता. साथीदारांना पृथ्वीवरून उचलायला यान धाडलं होतं, म्हणजे भोकाला ठिगळ लागलं. आणि एक चौथा पर्यायही आला: त्या पोराला सांगायचं, तुझे तिन्ही पर्याय नकोत.

तसं सांगितलं की शत्रू जिंकतो आणि सगळे मरतात.

ग्राहकाच्या तक्रारीला इतकं स्पष्ट उत्तर याआधी कुठल्या कंपनीनं दिलं असेल? तरी बरेच चाहते शांत झाले. त्यांना वेगळा शेवट हवा होता की कुणीतरी आपलं ऐकलं, एवढंच हवं होतं? दुसरंच असावं. ते स्वस्तात पडतं.

मे २०२१ मध्ये तिन्ही भाग घासूनपुसून 'लेजंडरी एडिशन' या नावानं पुन्हा विकायला आले. टालीचा फोटो बदलला होता. ते तीन रंग तसेच होते. खप अपेक्षेपेक्षा बराच जास्त झाला, असं कंपनीनंच सांगितलं.