धरण मायनसमध्ये गेल्यावरच निघावे

उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर बघायला जायचं ठरलं की बॅग भरण्याआधी वर्तमानपत्राचं आतलं पान काढावं आणि धरणसाठ्याचा आकडा शोधावा. आकडा अधिक असेल तर बॅग परत माळ्यावर. वजा असेल तर घरच्यांना आनंदाची बातमी द्यावी. मात्र खिडक्या लावून, कारण शेजारी कोणी सोलापूरकर राहत असला तर त्याच्या सोलापूरच्या घरी काही दिवसांनी एकदाच नळाला पाणी येत असतं.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर मों-सें-मिशेल नावाचा मठ आहे. मोठी भरती आली की त्याचं बेट होतं, ओहोटी लागली की भोवतीची वाळू उघडी पडते. भरतीच्या वेळा आगाऊ छापलेल्या मिळतात, त्यामुळे तिथल्या प्रवाशाला फारसं डोकं चालवावं लागत नाही. आपल्याकडे भरती दौंडहून येते आणि ओहोटी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. दोन्हींचं वेळापत्रक कोणी छापत नाही.

तेव्हा थोडं गणित. उजनीची एकूण क्षमता साधारण 117 टीएमसी. त्यातलं 63 टीएमसीच्या आसपास पाणी मृतसाठ्याचं, म्हणजे असूनही हिशेबात नसलेलं. उरलेल्या सुमारे साडेत्रेपन्न टीएमसीला शंभर टक्के म्हणायचं. ते संपलं की धरण शून्यावर येतं, आणि समोर मात्र नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी. इथून पुढे मोजणी वजा. शाळेत ज्यांना ऋण संख्या कधी उमगल्या नाहीत अशी माणसं इंदापूर-करमाळ्याच्या टपऱ्यांवर हा हिशेब तोंडी करतात. तुमच्या मुलाचं गणित कच्चं असेल तर सहलीचा हा एक जादा लाभ.

मुहूर्त एप्रिल ते जून. उशीर करू नये. 2024 च्या जूनमध्ये धरण जवळजवळ वजा साठ टक्क्यांवर गेलं होतं. पायथ्यापर्यंत मोकळं झालेलं मंदिर बघायला तेव्हा गर्दी लोटली. ‘पुढच्या रविवारी जाऊ’ म्हणणाऱ्यांच्या हातातून ते लवकरच गेलं, कारण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धरण शंभर टक्के. मावळात पाऊस लागला, खडकवासल्यातून पाणी सुटलं आणि बातम्यांत ‘दौंडचा विसर्ग’ हे शब्द दिसू लागले, की हंगाम संपला असं समजावं. पुणेकरांनी यात वाईट वाटून घेऊ नये. ते इथे पोचोत न पोचोत, त्यांचं पाणी मुळा-मुठेतून आधीच येऊन पोचलेलं असतं. नुसतं धरणाचंच नव्हे, न्हाणीघरातलंही. काठावरचा हिरवा तवंग पाहून नाक मुरडण्यापूर्वी आपण कुठल्या पेठेत राहतो ते आठवावं.

जाणं सोपं. सोलापूर रस्त्याने चौफुला, पाटसचा टोलनाका, मग भिगवण, डाळज आणि पळसदेव. हायवेला जे लागतं ते नवं गाव. उजनीचं पाणी चढलं तेव्हा जुनं गाव उठून वर आलं आणि देवही गावाबरोबर आला. पळसनाथाचं नवं मंदिर या नव्या गावात आहे. बहुतेक पाहुणे त्याच्यावरून गाडी पुढे काढतात आणि जिथून देव हलला तिथे जाऊन ‘काय ऊर्जा आहे!’ म्हणतात.

पुढची वाट धरणाच्या पोटातून जाते. इथे गाडी किती आत न्यायची हा स्वाभिमानाचा प्रश्न करू नये. गाळ वरून तडकलेला, पांढराफटक, टणक दिसतो. त्याच्यावर विश्वास टाकलेली गाडी पुढच्या चाकांनी रुतते, मग चालक एक्सिलेटर दाबतो आणि मागची चाकंही रुततात. ट्रॅक्टरवाला हे सगळं बांधावरून शांतपणे बघत असतो. तो स्वतःहून येणार नाही; बोलवावं लागतं, आणि बोलावताना ‘अरे ए’ न म्हणता ‘दादा’ म्हणावं. त्याने रुंद टायरचा जाणता सल्ला दिला तर ऐकून घ्यावा. दोर त्याचा असतो.

चालताना पायाखाली बघावं. पाणी जसं मागे सरकतं तशा शेतकऱ्यांच्या मोटारीही त्याच्यामागे सरकतात. पाइपाला पाइप आणि केबलला केबल जोडत, जिथे तेही पुरत नाही तिथे चर खणून. ज्या काळ्या पाइपांना अडखळून आपण ‘काय हा पसारा’ म्हणतो, त्यांच्या दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी ऊस उभा असतो. केबल ओलांडावी, तिच्यावर उभं राहून फोटो काढू नये.

संवादाचे नियम सर्वांत महत्त्वाचे. काठावर मासे निवडणाऱ्या किंवा गुरं राखणाऱ्या माणसाशी बोलताना ‘यंदा पाणी मस्त आटलंय’ हे वाक्य वर्ज्य. एका उत्साही बाईंनी एका म्हाताऱ्या गृहस्थांना म्हटलं, “काका, यंदा मंदिर अख्खं दिसतंय, नशीबच म्हणायचं!” काकांनी तंबाखू दाढेला लावली आणि म्हणाले, “व्हय. तुमचं.”

त्यानंतर त्यांनीच हात करून जुन्या वाड्यांची जोती दाखवली, कोणाची कुठली ते सांगितलं. अशी माणसं भेटली तर मार्गदर्शकाची गरज नाही. फक्त त्यांना कॅमेऱ्यासमोर ‘जरा तिकडे बघत पुन्हा सांगा’ म्हणू नये.

मंदिरापाशी पोचल्यावर ‘हेमाडपंती’ हा शब्द उच्चारण्याची प्रथा आहे. ती पाळली नाही तर बरोबरचे लोक अस्वस्थ होतात. तेव्हा एकदा म्हणून मोकळं व्हावं आणि मग शिखराकडे बघावं. खाली दगडाचं काम, वर विटांचं शिखर, भूमिज धाटणीचं: छोट्या-छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढत गेलेल्या. याच घराण्यातलं अंबरनाथचं शके 982 चं देऊळ कोरड्या जमिनीवर आहे, लोकलने गाठता येतं, पण त्याला ड्रोनवाले विचारत नाहीत. पळसनाथाच्या विटा इतकी वर्षं भिजून, वाळून, पुन्हा भिजून टिकल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात गळलेल्या आपल्या सोसायटीच्या गच्चीचा विषय इथे मनात आणू नये. दगडांच्या सांध्यांत शिंपले बसलेले दिसतात, खांबाला जाळ्याचा नायलॉनचा धागा गुंडाळलेला असतो. वीरगळ आणि सतीशिळा जवळपासच आहेत. त्यांच्यावर बसून भेळ खाण्याची सोय नाही. बसता येतं म्हणून बसायचं नसतं. शिखरावर चढणाऱ्या तरुणाला त्याच्या आईचं नाव विचारावं, आपोआप उतरतो.

पाणी अर्धवट उतरलं असेल तर होडीने जावं लागतं. इथे थट्टा बाजूला. दुपारनंतर या फुगवट्यावर अचानक वारा सुटतो. मे 2024 मध्ये कुगाव ते कळाशी दरम्यान वादळात बोट उलटून सहा जणांचे जीव गेले. लाइफ जॅकेट नसेल तर बसू नका, आभाळ भरून आलं असेल तरी बसू नका. मंदिर पुढच्या दुष्काळात पुन्हा दिसेल.

परतीला भिगवणच्या खानावळीत मासा खाणं हा दौऱ्याचा खरा हेतू असतो, तो पुरातत्त्वाच्या नावाखाली लपवण्याची गरज नाही. चिलापी तळून मागवावी. ताटात आलेली याच पाण्यातली आहे का, हे विचारल्यास मालक अभिमानाने हो म्हणतो. वर पुण्याच्या न्हाणीघराचा उल्लेख आला होता तो तेवढा वेळ विसरावा.

आणि धरण भरलेलंच राहिलं तर? हिवाळ्यात कुंभारगावला जाऊन रोहित पक्षी बघावेत, किंवा सरळ नव्या पळसदेवात थांबून नव्या देवळात दर्शन घ्यावं. तिथे गाडी रुतत नाही आणि टक्केवारी बघावी लागत नाही. ‘यंदा इथे बघण्यासारखं काहीच नाही का?’ असं गावात विचारलंत तर लोक काठोकाठ पाण्याकडे बोट दाखवतील, आणि त्या वर्षी चहाचे पैसेही घेणार नाहीत.